बंदुकीचा परवाना बावनथडीपलीकडे चालतो का?



शेतकी विभागाच्या या पानावर आम्ही एरवी बेण्याची निवड, खोडव्यातली पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त यांवरच लिहितो. या वेळी बंदुकीवर लिहीत आहोत म्हणून काही जण हसतील. पण ऊस आणि बंदूक यांचे नाते आपल्या कार्यक्षेत्रात नवे नाही. उसाच्या फडात रानडुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत काय उरते ते आम्ही पंचनाम्याला उभे राहून पाहिले आहे. डुक्कर ऊस खाते थोडा, लोळवते जास्त. म्हणूनच जंगलाकडेच्या गावांत काही कास्तकारांच्या घरी वडिलोपार्जित बारा बोअर नाहीतर ठासणीची बंदूक आहे, तिचा रीतसर परवाना आहे आणि तो पेटीत नीट जपून ठेवलेला आहे.

अडचण पुढे आहे. आपल्या अर्ध्या सभासदांचे सोयरे कटंगी, वारासिवनी, बालाघाट, लांजी या बाजूला आहेत. काहींचे वावरच नदीच्या दोन्ही काठांना आहे. लग्नसराईत जीप भरून मंडळी निघते, आणि ‘रात्रीचे परत यायचे आहे, मधे जंगल आहे’ म्हणून बंदूक सीटखाली जाते. याच कारणाने हंगाम संपता संपता गट ऑफिसला आम्हांला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. एक वयस्कर सभासद म्हणाले, “परवाना पक्का हाय जी साहेब, कलेक्टरचा सिक्का हाय. चोरीची बंदूक थोडीच हाय? मंग काहून अडवतील?”

आम्ही वकील नाही. आमचा डिप्लोमा शेतीचा. पण हा प्रश्न इतक्यांदा आला की कायद्याचे पुस्तक काढून वाचले, जाणत्यांना विचारले आणि जे पक्के समजले तेवढेच इथे देत आहोत.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर परवान्याच्या पुस्तिकेतच आहे, फक्त ते पान कोणी वाचत नाही. नाव, फोटो आणि बंदुकीचा नंबर आपण पाहतो. त्याच पुस्तिकेत काडतुसे किती ठेवता येतील, परवाना कोणत्या कारणासाठी आहे, मुदत कधीपर्यंत आहे आणि तो कोणत्या क्षेत्रात चालेल हेही लिहिलेले असते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळालेल्या आपल्याकडच्या बहुतेक परवान्यांवर क्षेत्र महाराष्ट्र राज्यापुरते असते. पीक संरक्षणासाठी घेतलेल्या परवान्याचा हात तर त्याहून आखूड. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी मूळ तरतूद ठासणीच्या बंदुकीची आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. ती राखणीसाठी दिलेली असते, वरातीसाठी किंवा प्रवासासाठी नव्हे. तेव्हा परवाना बावनथडीच्या अलीकडे खरा आणि पूल ओलांडला की त्याच खिशात असूनही अपुरा, अशी ही गंमत आहे. ज्याच्यावर बेतते त्याला ती गंमत वाटत नाही.

जुन्या मंडळींना हे पटत नाही, आणि त्यांचेही खोटे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा, बालाघाट आणि शिवनी एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि नदीचा पलीकडचा काठ मध्यप्रदेशात राहिला. आजोबांची बंदूक कटंगीच्या बाजाराला जाऊन येत होती तेव्हा मधे सीमाच नव्हती. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळा झाला, म्हणजे देवरीवरून राजनांदगावकडे जाणाऱ्याला आणखी एक निराळे राज्य लागले. रोटी-बेटी व्यवहार जुन्या नकाशावर चालतो, परवाना मात्र नव्या नकाशावर.

आता पकडले गेल्यास काय होते? इथे जरा थांबून वाचावे.

शस्त्र अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. कलम १९ खाली कोणताही पोलीस अधिकारी परवाना दाखवा म्हणू शकतो. दाखवता आला नाही, तर बंदूक जप्त. ‘घरी आहे, उद्या आणतो’ याला रस्त्यावर अर्थ नाही. कलम २० त्याहून कडक आहे. परवाना असो वा नसो, बंदूक अशा रीतीने वा अशा परिस्थितीत नेली जात असेल की काही बेकायदा हेतूचा वाजवी संशय यावा, तर पोलीसच नव्हे, रेल्वेचा किंवा बसचा कर्मचारीदेखील त्या माणसाला अटक करून शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत पोत्यात गुंडाळलेली दुनळी बाकाखाली सरकवणाऱ्याने हे कलम आधी वाचावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक झाकलेली आणि खोळीत हवी, पण झाकणे म्हणजे लपवणे नव्हे. गवताच्या भाऱ्यात किंवा गाडीच्या टपावरच्या गाठोड्यात कोंबलेली बंदूक सापडली, तर ‘खोळीत होती’ असे कोण म्हणेल?

शिक्षेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. विनापरवाना बंदूक बाळगणे किंवा नेणे यावर कलम २५ लागते. डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढली; आधी कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन होती, ती आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे, वर दंड. परवान्याची अट मोडणे हा मात्र कलम ३० चा गुन्हा. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता बघा, महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस नाकाडोंगरीवरून कटंगीला बंदुकीसह पोचला तर तो कोणत्या कलमात बसतो? एक बाजू म्हणेल, या राज्यात त्याला परवानाच नाही. दुसरी म्हणेल, परवाना आहे, फक्त क्षेत्राची अट मोडली. दोन्ही म्हणण्यांत दोन हजार रुपये आणि दोन वर्षे एवढे अंतर आहे, आणि त्याचा निकाल नाक्यावर लागत नाही, कोर्टात लागतो. नाक्यावरचा हवालदार जे कलम लिहील त्यावर पहिले पंधरा दिवस अवलंबून असतात.

कोर्टही पलीकडचे. जामीनदार शक्यतो तिथलाच लागतो, वकील तिथला, तारखा तिथल्या, आणि तारीख ऊस तोडणीची चिठ्ठी पाहून पडत नाही. बंदूक मुद्देमाल म्हणून जमा होते. ज्या राखणीसाठी ती घेतली होती ती राखण तोवर उघडी. इकडे आपल्या जिल्ह्यात परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची नोटीस येऊ शकते, आणि शिक्षा झाल्यास न्यायालय बंदूक सरकारजमा करू शकते.

खटला किती लांबतो याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण या बाजूने कोणी पाहिले नसेल. ऑक्टोबर १९९८ मध्ये अभिनेता सलमान खान ‘हम साथ साथ हैं’ च्या चित्रीकरणासाठी मुंबईहून जोधपूरला गेलेला होता. काळविटांची प्रकरणे सर्वांना ठाऊक आहेत, ती इथे घेत नाही. त्यांच्याबरोबर एक वेगळा खटला शस्त्र अधिनियमाखाली झाला. आरोप असा की एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर त्याच्याजवळ होती आणि त्यांच्या परवान्याची मुदत संपलेली होती. १८ जानेवारी २०१७ ला जोधपूरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सुटला हे खरे, पण मधे अठरा वर्षे गेली. मोठमोठे वकील, विमानाने तारखांना जाणे, हे सारे असून अठरा वर्षे. आपल्या सभासदाने त्या हिशेबात आपली शेती बसवून पाहावी.

दुसरे नाव संजय दत्तचे. तो मामला मुंबईतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळातला आणि फार गंभीर; आपल्या लग्नाच्या जीपशी त्याची तुलना नाही. तरी त्याच प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक गोष्ट सांगितली ती सर्वांच्या कामाची आहे. ताबा म्हणजे जाणतेपणी असलेला ताबा. शस्त्र आपल्याजवळ आहे याची जाणीव हवी. पिशवीच्या कोपऱ्यात जुने एक काडतूस विसरून राहिले आणि विमानतळाच्या तपासणीत निघाले, अशा कित्येक प्रकरणांत उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर गुन्हे रद्द केलेले आहेत. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले हेही ध्यानात घ्यावे. नागपूरहून विमानाने मुलाकडे जाणाऱ्यांनी, डुकराच्या राखणीला नेलेली पिशवी प्रवासाला घेऊ नये. घेतलीच तर उलटी करून झटकावी.

आता जे चतुराई करतात त्यांच्यासाठी. “बंदूक माझ्याजवळ नव्हतीच, गडी मागच्या गाडीत घेऊन येत होता.” हे चालत नाही. शेजारच्या मध्यप्रदेशातल्याच गुणवंतलाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली स्पष्ट केले की ताबा हातातच असला पाहिजे असे नाही. बंदूक दुसऱ्याच्या हातात असली तरी तिच्यावर सत्ता आणि नियंत्रण तुमचे असेल, तर ताबा तुमचाही. म्हणजे अशाने एकाच्या जागी दोघे अडकतात, आणि त्यातला एक बिचारा रोजंदारीचा माणूस असतो. आम्हांला विचाराल तर मालकाची बंदूक गड्याच्या खांद्यावर देऊन त्याला सीमेपार पाठवणे हा कायद्याचा प्रश्न नंतरचा, आधी माणुसकीचा आहे.

एक सवलत मात्र कायद्यातच आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या वापरासाठी नेऊ शकतो. नागपूरला कारागिराकडे मुलाला पाठवायचे असेल तर सहीचे पत्र आणि परवाना बरोबर द्यावा. तोंडी सांगून भागत नाही. आणि हे पत्र परवान्याचे क्षेत्र वाढवत नाही. ज्या हद्दीत तुम्ही स्वतः नेऊ शकत नाही, तिथे तुमचे पत्रही नेऊ शकत नाही.

लग्नातल्या बाराबद्दल थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाप्रीत्यर्थ बेफिकीरपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा केला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अलीकडच्या मांडवातही लागू आणि पलीकडच्याही. व्याह्याच्या हौसेखातर त्याच्या हातात बंदूक दिली तर त्याच्याकडे परवाना नाही, हा आणखी वेगळा गुन्हा.

निवडणुकीचा मुद्दा विशेष आमच्या भागाचा आहे. आचारसंहिता लागली की जिल्हा दंडाधिकारी परवान्याची शस्त्रे घेऊन फिरण्यावर बंदी घालतात, आणि अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आपल्याकडे निवडणूक असली की हे आपोआप कळते, पोलीस पाटीलच निरोप आणतात. पण पलीकडची निवडणूक? मध्यप्रदेशात विधानसभेचे मतदान १७ नोव्हेंबर २०२३ ला झाले, आपल्याकडे २० नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे २०२३ च्या दिवाळीत आपल्या गावात कसलीही बंदी नव्हती आणि बावनथडीपलीकडे नाक्यानाक्यावर गाड्या तपासल्या जात होत्या. भाऊबीजेला निघालेल्या माणसाला हे कोण सांगणार? १ जुलै २०२४ पूर्वी असे मनाई हुकूम फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. नंबर बदलला, हुकूम तोच. शिवाय गोंदिया, बालाघाट आणि राजनांदगाव यांच्या सीमेवरचा पट्टा अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून गणला गेला. तिथल्या पोलिसांनी बंदूक म्हटल्यावर काय काय पाहिले आहे ते लक्षात घेतले, तर त्यांनी जीप थांबवून सगळ्यांना खाली उतरवले म्हणून राग येऊ नये.

जंगलाचा कायदा तिसराच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आपल्या जिल्ह्यात कोका अभयारण्य २०१३ साली झाले. अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वन विभागाकडे आपली नोंद करायची असते. या पट्ट्यात आपली बरीच गावे येतात, आणि ही नोंद केलेली आहे का हे ज्याने त्याने घरचे कागद काढून पाहावे. जवळचा रस्ता म्हणून अभयारण्यातून जाणाऱ्याने शस्त्र घरीच ठेवावे, मग तो परत महाराष्ट्रातच येणार असला तरी. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वन विभागाची परवानगी मिळते, तिचाही आधार फक्त त्या जागेपुरता आणि त्या मुदतीपुरता. नदीपलीकडच्या आपल्याच वावरातल्या डुकराला ती लागू नाही. तिथे मध्यप्रदेशचा वन विभाग.

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत आहेत, तिथे बंदुका भाजीसारख्या मिळतात असे ऐकतो. पण राज्याची सीमा तिथेही आडवी येते. १९८६ च्या एका केंद्रीय कायद्याने तिथे प्रवाशाला सवलत दिली आहे. जिथून निघालो आणि जिथे पोचायचे त्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे कायदेशीर असेल, ती रिकामी आणि सहज हाती लागणार नाही अशी ठेवलेली असेल, तर मधल्या राज्यातून नेता येते. तरी २००५ साली युटा राज्यातल्या एका गृहस्थाचे न्यूअर्कला पुढचे विमान हुकले. सामान हाती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर बंदूक आहे असे स्वतःच सांगितल्यावर अटक झाला. खटला मागे घेतला गेला; भरपाईचा त्याचा दावा मात्र अपील न्यायालयाने २०१० साली फेटाळला, कारण रात्री बॅग त्याच्या हाताशी आली होती. आपल्याकडे तर मधल्या राज्यातून सुखरूप जाऊ देणारी अशी सर्वसाधारण सवलतही नाही.

मग ज्याला खरोखरच न्यावी लागते त्याने काय करावे? निवृत्त सैनिक आहेत, नेमबाजी करणारी एक-दोन मुले आहेत, दोन्हीकडे शेती असणारे आहेत. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत क्षेत्रवाढीचा लेखी अर्ज करावा. राज्याबाहेरचे क्षेत्र हवे असेल तर कारण पटेल असे लिहावे आणि पलीकडच्या जमिनीचे कागद जोडावेत. गरज पडली तर अर्ज तिथून शासनाकडे जातो, तेव्हा लग्नाच्या आठ दिवस आधी धावून उपयोग नाही. प्रवासापुरत्या तात्पुरत्या परवान्याचीही नियमांत तरतूद आहे, तिची चौकशी तिथेच करावी. अर्जाची पोच म्हणजे परवानगी नव्हे. क्षेत्राची नोंद पुस्तिकेत चढल्याखेरीज निघू नये. मुदत आता पाच वर्षांची असते, पूर्वी तीन होती. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधीच टाकलेला बरा. पुस्तिकेवर यूआयएन नंबर नसेल तर तो परवाना आता चालत नाही.

वडील वारले आणि बंदूक घरात तशीच राहिली, असे आमच्या पाहण्यात बरेच आहे. परवाना माणसाबरोबर जातो, बंदूक वारसाबरोबर राहते. वारसाने विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाने अर्ज करावा. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या. वडिलांची बंदूक आणि वडिलांचाच परवाना घेऊन तेराव्याला बालाघाटच्या मामाकडे जाणारा मुलगा कलम ३० मध्ये बसत नाही, तो सरळ कलम २५ मध्ये बसतो, कारण त्याच्याजवळ परवाना कसलाच नाही.

शेवटी तोडणी मजुरांच्या मुकादमांनी विचारलेला प्रश्न. मजुरांच्या गाडीत पन्नास कोयते असतात, सीमेवर अडवतील का? शस्त्राच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. ऊसतोडीचा कोयता त्यात येतो. तरी गाडी निघताना कोयते एका पोत्यात बांधून ठेवावेत, दारात उभ्या मजुराच्या हातात नकोत, आणि कारखान्याचे तोडणीचे पत्र मुकादमाच्या खिशात असावे. पत्र गट ऑफिसला मिळते. मागच्या हंगामात न्यायला कोणी आले नाही, या वेळी या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग